शिवडीचा शॉकवाला

दुकानदारावर माझा विश्वास नसतो, ते तुम्हाला माहितीये. जीप डोंगरात न्यायची म्हणून शिवडीत कॉइलओव्हर शॉक, म्हणजे स्प्रिंगसकट येणारे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर, बघायला गेलो. मला गाडी चार बोटं उंच करणारा महागडा सेट हवा होता. दुकानदार सारखा उंची न वाढवणारा साधा सेट पुढे करत होता. म्हटलं, हा पडून राहिलेला माल गळ्यात मारतोय. सील तपासलं, स्प्रिंगवर ओरखडे शोधले. माल कोरा होता.

शेवटी विचारलं, "शेठ, महागडा का दाखवत नाही?"

"गाडीत बसलेत ते कोण?"

"वडील."

"मघाशी चहाला उतरले होते. परत चढताना हाताने पाय उचलून आत ठेवला त्यांनी. गाडी अजून उंच केलीत, तर ते चढणार कसे?"

रोज त्यांना शेजारी बसवून गाडी चालवतो मी. मला ते दिसलं नव्हतं.