ऑर्व्हिलनं भरलेली काडतुसं

केंटकीतल्या बंदुकांच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या वृद्ध लोरीनबाईंनी गल्ल्यावर दुकानदारापुढे एक जुना डबा ठेवला.

“डेल, काल कोणीतरी कोठाराचं कुलूप तोडलं. आमच्या गेलेल्या ऑर्व्हिलनं घरी भरलेली ही काडतुसं बंदुकीत घालून ठेवू ना?”

“काकू, कारखान्याची घ्या. चोरावर झाडायची वेळ आलीच, तर कोर्टात वकील म्हणेल, मुद्दाम जास्त घातक बनवली होती.”

“घातक? या काडतुसांनी त्याला एक होला पक्षी कधी पाडता आला नाही! मी भाकरी भाजायचे, तो शेजारी शीळ घालत छरे भरायचा.”

“हे न्यायाधीशाला कोण पटवणार?”

“बरं, दे कारखान्याची.”

“आणि काकांची? मोडून टाकू?”

“हात लावू नकोस. सप्टेंबरात होल्यांची शिकार सुरू झाली, की एकेक झाडीन. तेवढाच त्याचा आवाज शेतावर.”