आद्मेतोस राजाचा बाप

जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या एका इस्पितळात माझ्या समोरच्या बाकावर सून आणि सासरे बसले होते. मला मराठी येतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"नीता, माझी किडनी जुळली होती, हे चारुदत्तला सांगू नकोस हं."

"नाही सांगणार, बाबा. जुळली नाही असंच तुमच्या लेकाला वाटतंय."

"भीती वाटते गं या वयात."

"मलाही वाटते."

"आता आत काय विचारतील?"

"इथलं अवयवदानाचं कमिशन मला एकटीला विचारणार, किडनी देण्यासाठी घरच्यांचा दबाव आहे का. दबाव नाही, असं सांगणार मी."

"हं. हातात काय आहे ते?"

"आपल्या स्वानंदीचं शाळेचं पुस्तक. आद्मेतोस नावाच्या ग्रीक राजाची गोष्ट आहे. त्याच्याऐवजी घरातलं कुणी मेलं, तर तो जगणार होता."

"मग?"

"म्हातारा बाप नाही म्हणाला. आईही नाही म्हणाली. शेवटी बायको गेली."

"असं होय."

"काल स्वानंदी विचारत होती, त्या म्हाताऱ्याला नातवंडं होती का."

"तू काय सांगितलंस?"

"होती म्हटलं."

दार उघडलं. नर्सनं तिचं नाव पुकारलं.

"हो, आले. बाबा, मी येईपर्यंत हे पुस्तक धरा."