बुधवारची पिवळी साडी

— नाही गं, किमयानं नाही जागवलं मला. ती नऊला झोपली ती सकाळी क्लासच्या वेळेलाच उठली. मीच जागी. काल तू फोन ठेवलास ना, "ताई, उद्या रोह्याला येते, समोर बसून बोलू," तेव्हापासून डोक्यात एकच चिंता. ऐकशील तर हसशील. साडीची पिन! दोन वर्षं तू मला पिन लावायचीस, आता तू बाळंतपणाला जाणार, टीव्हीवर तुझ्या जागी मी बसणार, तर मला पिन लावणार कोण? म्हणजे बसायचं की नाही ते ठरलेलंच नाही, आणि मी पिनेचा घोर लावून घेतला. असंच आहे माझं. त्या खुर्चीवर नको बसूस, पाय डुगडुगतो तिचा — हो, हस, खुर्च्यांचं आणि माझं जमतच नाही. इथे दिवाणावर बस, उशी घे पाठीला. सातवा ना? मग मास्क राहू दे. प्रविण धाटावला कंपनीत जातो, शिफ्टला पन्नास माणसांत मिसळतो, आपल्याला काय कळतंय कुणाच्या नाकात काय आहे ते. हळू बोलते हं मी, आत क्लास चालूय तिचा. शाळा उघडल्या म्हणेपर्यंत पुन्हा बंद. मोबाईलमध्ये बाई "ससा" म्हणतात, ही भिंतीकडे बघून "ससा" म्हणते.

तुझं टीव्हीवर छान चाललंय म्हणे. म्हणे म्हणजे — लोक सांगतात. आमच्याकडे नाही लावत आम्ही ते चॅनल. आता तुझ्यापुढे काय खोटं बोलायचं, लावते. रोज सातला लावते. आवाज बंद करून. तुझे ओठ हलताना दिसतात, मी पोळ्या लाटते. "आज अमुक वार हाय" म्हणतेस ते ओठांवरून कळतं मला. आवाज का नाही लावत? तो लावला की मी तुझ्या आधी वाक्य म्हणते गं. एकदा प्रविण रात्रपाळी करून आला, दारात उभा राहून ऐकत होता, मला पत्ताच नाही. मग तो तसाच आंघोळीला गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.

लोकांना वाटतं, टीव्हीवरची बाई म्हणजे पगार, ऑर्डर, गाडी न्यायला येते. कसली ऑर्डर! पेणला रामवाडीत टायरच्या दुकानावरचा तो गाळा, मागे हिरवं कापड, केबलवर पेण-रोह्यात दिसणारा एक तास — 'सकाळचा चहा'. चॅनल सुजयचं, त्यानं मला घेतलं ते महिला मंडळाच्या हळदीकुंकवात माईक बरा धरते म्हणून. कागद नाही, काही नाही. आलीस त्या दिवसाची तू आमची, नाही आलीस तर नाही. आणि साडी तुमच्या दुकानातली, तूच घेऊन यायचीस, किमतीची चिठ्ठी आत खोचायचीस, नऊच्या ठोक्याला घडी घालून परत. डाग पडता कामा नये, म्हणून कपात चहासुद्धा नाही! दोन वर्षं 'सकाळचा चहा'मध्ये मी रिकामा कप ओठाला लावला, दिपिका. आणि "वा!" म्हटलं. मला कधी त्यात वावगं वाटलं नाही. बी.ए.ला पहिला वर्ग, आणि रिकाम्या कपाला "वा".

तो शनिवार आठवतो ना? दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू. सुजय म्हणाला, "मॅडम, चार-आठ दिवस गाड्यांचं काही खरं नाही, सात वारांचं करून ठेवू." तू सात साड्या आणल्यास. एक सोड, दुसरी नेस, एक सोड, दुसरी नेस, तुझ्या तोंडात पिना. सोमवार हिरवी, मंगळवार लाल, बुधवार पिवळी… आणि मला काय अवदसा आठवली, मी म्हटलं, तारीख नको घ्यायला, तिथी नको, म्हणजे कधीही लावता येईल! सुजयनं सुचवलं नव्हतं हं. ते माझंच डोकं. चैत्रात बाया पापड करून डब्यात भरतात ना वर्षभराचे, तसं मी मलाच वाळवून डब्यात भरून ठेवलं. आणि घरी आले खुशीत, की बाई, काय शहाणपणाचं काम केलं.

मग चार-आठ दिवसांचे झाले दोन महिने. रोज सकाळी सातला मी टीव्हीत. आणि मी इथे, गाऊनमध्ये, किमयाच्या दुधाचा पेला घेऊन. सुजय म्हणतो, "मॅडम, तुम्ही येत नाही तर हजेरी कशी लावू?" बरोबरच आहे, मी येतच नव्हते. येत होती ती दुसरी, न खाता न पिता. लोकांना आवडायची हं पण ती. वारांचा पत्ता नव्हता कुणाला, भाजीवाला मला फोनवर म्हणाला, "ताई, तुम्ही पिवळी नेसलात की आमच्या घरी बुधवार." मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! आणि फोन ठेवला तेव्हा जाणवलं, त्यानं मी कशी आहे ते नाही विचारलं. मी तर रोज सकाळी त्याच्या घरात ठणठणीत होते की.

किमया तेव्हा अडीच वर्षांची. टीव्हीपुढे जाऊन बसायची, हात हलवायची. एकदा मी मागून म्हटलं, "किमे, दूध घे गं बाळा." तर मागे वळली, तोंडावर बोट ठेवलं, आणि मला — मला! — म्हणते, "शूऽऽ! आई बोलते." मी तशीच पेला घेऊन उभी. टीव्हीतली मी सांगतेय, "आजचा दिवस हसत घालवा."

पाणी आणू? नको? बरं.

तीन जूनला तर मी कळसच केला. तोही नेमका बुधवारच. आदल्या दिवसापासून वादळ वादळ चाललेलं, सकाळी वाऱ्यानं गॅलरीचे पत्रे थरथरतायत, आणि सात वाजता मी पिवळ्या साडीत हसत येते: "सुप्रभात! बाहेर बघा किती सुंदर सकाळ आहे. खिडक्या उघडा, मस्त वारा येऊ द्या घरात!" मी इथे टीव्हीवर ओरडतेय, अगं बंद कर, बंद कर, अगं गप्प बस! स्वतःला. दुपारपर्यंत निम्म्या पेणची कौलं उडाली. मग लाईट नाही, केबल नाही, मोबाईलला रेंज नाही. रेंज आली तेव्हा पहिला मेसेज कुणाचा माहिताय? खांब गावाहून एका माणसाचा. "वारा आला ताई. छपरासकट आला."

नंतर सुजयचा फोन. म्हणाला, "आता डब्यातलं चालणार नाही, रोज ताजं पाहिजे. रोह्याहून तुम्ही येणार कशा, पास मिळत नाही, गाड्या नाहीत. इथे रामवाडीत चालत येईल अशी कुणी आहे का?" आणि मी तुझं नाव सांगितलं. हो, मीच. सुजय बोलला नाही तुला कधी? तो कशाला बोलेल. पण का सांगितलं ते… जाऊ दे. नाही, आता आलंच तोंडावर तर ऐक. तू चांगली म्हणून नाही सांगितलं. तू "हाय नाय" करतेस म्हणून सांगितलं. खाडीकडची पोर, मिठागरावर वाढलेली, माईक कधी हातात धरला नाही, अडखळेल, लोक हसतील, पंधरा दिवसांत सुजय म्हणेल, मॅडम, तुम्हीच या. असा माझा हिशेब. तुझ्यापेक्षा वाईट कुणी मला रामवाडीत आठवलंच नाही गं. बघ. उशी सरळ कर पाठीची, अशी अवघडून नको बसूस.

आणि तू पहिल्याच दिवशी काय केलंस? दुकान बंद, म्हणून घरचीच साडी. कपात खरा चहा. आणि फुर्रर्र करून प्यायलीस! म्हणालीस, "साखर जास्त झाली." तेव्हा आवाज लावायचे मी अजून. मी इथे हसले, वाटलं, झालं, पडली ही. दुसऱ्या दिवशीपासून फोन थांबेनात तुम्हाला.

प्रविणला मी काय सांगितलं माहिताय? सगळ्या रोह्याला काय सांगितलं? की वादळाच्या वर्षी डिसेंबरात मी पेणला गेले आणि तू उठलीच नाहीस खुर्चीवरून. दीड वर्ष हेच सांगते— बरं, वर्ष. तुझ्या तोंडावर सांगते आता, खोटं आहे ते, तुला तर माहीतच आहे. प्रविणनं बाईकवर नेलं होतं, मी दारात उभी, तुझा ब्रेक चाललेला. तू मला बघितलंस आणि उठलीस, माईक काढलास, माझ्या मागे येऊन उभी राहिलीस, तोंडात पिना धरून. माझ्याच साडीला तू पुन्हा चुण्या घालायला लागलीस गो! आणि तेवढ्यात स्पीकरवर काशीबाईंचा फोन, त्या रोज करतात त्याच ना, पेणजवळच्या वाशीच्या? म्हणाल्या, "दिपे, आवाज बसलाय तुझा. सर्दी झाली काय गो तुला?" बस. एवढंच. दोन वर्षांत मला लोकांनी रेसिपी विचारल्या, साडी कुठली विचारलं, घसा कसाय ते कुणी… मीच म्हटलं, "बस तू, बस, मला घाई आहे." आणि जिना उतरले. कसली घाई? खाली प्रविण अजून गाडी लावत होता.

म्हणून झोप नाही लागली. पिन वगैरे बहाणा. तू मला विचारायला आलीस, कारण तुला वाटतं, ताई तीन महिन्यांनी जागा परत देतील. दुसरी कुणी देणार नाही, ताई देतील. आणि मला रात्रभर तेच — देईन का मी? तू उठलीस तशी मी उठेन? नाही सांगता येत मला. शब्द मागू नकोस.

काय? काय म्हणालीस? परवा शनिवारी? सात साड्या? तूच नेसणार? मी हो म्हणेपर्यंतची सोय, असं सुजय म्हणाला? आणि तू हो म्हणालीस. अगं वेडे! कमरेच्या वर घेतो म्हणाला, पोट दिसणार नाही, हो, पण पोट दिसलंच पाहिजे ना! नीट ऐक माझं. नऊ महिने भरतील, बाळ होईल, बाळ रांगेल, आणि तू त्या गाळ्यात तशीच सात वारांची हसत बसशील. मग सुजयला ना तू लागशील ना मी. करायचंच असेल तर तारीख घे. प्रत्येक वाक्यात घे. तिथी घे, भाजीचा भाव घे, आज माझे पाय सुजलेत सांग, आज बाळानं लाथ मारली सांग. आणि चहा पी, खरा, सांडलेला. एकही वाक्य असं बोलू नकोस जे पुढच्या बुधवारी पुन्हा लावता येईल. कळलं? लिहून देऊ?

नाहीतर असं कर, काही करूच नकोस. सुजयला सांग, सोमवारपासून प्रतिक्षा येतेय. पहिल्या गाडीनं येईन. किमयाला घेऊन येईन, बसेल कोपऱ्यात, मला खरीखुरी बोलताना बघेल तरी. साडी माझी घरची नेसेन. पिन मी समोरून लावीन, वाकडी तर वाकडी. आणि तीन महिन्यांनी तू ये, बाळ आईकडे ठेव, तोंडात पिना धर आणि माझ्या मागे येऊन उभी राहा. मग बघू कोण उठतं. याच्यापुढे मला काही विचारू नकोस. ऊठ आता, हळू, हात दे… गाडी चुकेल तुझी, पुढची थेट दुपारी. आणि ते दीड वर्षाचं, वर्षाचं काय असेल ते, प्रविणला मी सांगेन माझं मी. तू काही —

अगं किमे! क्लास संपला? दारात कधीची उभी तू? ये, या कोण ओळख बघू. मास्क काढ गं जरा दिपिका, लांबूनच, बघू दे तिला. काय म्हणतेस? बोल की, मघापासून मीच बडबडतेय, तुला बोलूच दिलं नाही. किमे, तोंडावर बोट कशाला? कुणाला गप्प करतेस, मला? नाही? मावशीला? असं नाही करायचं, बोलू दे की त्यांना —

"शूऽऽ! आई बोलते."