चार नंबर कुणी बंद केलं?

भाची : आत्या, चार नंबरचं मशीन बंद पडलं! आत्ताच पडायचं होतं त्याला? साहेब वीस मिनिटांत येतील माझ्या आपोआप चालणाऱ्या ट्रॉल्यांची चाचणी बघायला.

आत्या : पडलं नाही. मी बंद केलं.

भाची : काय?

आत्या : किल्ली माझ्या खिशात आहे.

भाची : सात महिने राबलेय मी यावर! कसला सूड उगवतेस?

आत्या : सूड कसला? कुठला गिअर कुठल्या मशीनवर जाणार, हे बावीस वर्षं मी फळ्यावर मांडतेय. एक मशीन आजारी पडलं की सगळा फळा पुसायचा, तोवर माणसं हातावर हात ठेवून उभी. तू म्हणतेस, ट्रॉल्या आपापसांत ठरवतील. सगळं सुरळीत असताना कुणीही ठरवेल गं!

भाची : निदान सांगून तरी बंद करायचंस.

आत्या : मशीन सांगून बंद पडतं?

भाची : ...बघ, तिन्ही ट्रॉल्या चारपाशी थांबल्या.

आत्या : झालं! चक्रावल्या तुझ्या मुंग्या.

भाची : हात लावू नकोस! मुंगी वाटेवर वास सोडते ना, तशी प्रत्येक ट्रॉली मागचीसाठी खूण सोडते. काम होत राहिलं तर खूण ताजी, नाहीतर विरत जाते. चारची विरायला दीड मिनिट लागेल.

आत्या : दीड मिनिट? तेवढ्यात मी फळा मांडते.

भाची : आत्या...

आत्या : बरं बाई, अर्धा तास.

भाची : वळली! पहिली दोन नंबरकडे वळली!

आत्या : दुसरीही तिच्या मागे! पण तिसरी सातकडे कुठे निघाली? सातवर मी गिअर कधीच पाठवत नाही.

भाची : मीही नाही सांगितलं तिला. मोकळं मशीनही खूण सोडतं. सातनंच हाक मारली असेल, मोकळं आहे, ये म्हणून.

आत्या : अगं, घेतला की त्यानं! बसला गिअर! अचूक बसला!

भाची : आत्या, उड्या काय मारतेस, लोक बघतायत.

आत्या : बघू देत! बावीस वर्षांत हे मला सुचलं नाही!

भाची : साहेबांना चारचं काय सांगायचं?

आत्या : मी सांगेन. मुद्दाम बंद केलं म्हणून.

भाची : फक्त पारखायला?

आत्या : नाही. वाटलं, फसलं तर फळा माझ्याकडेच राहील.

भाची : माझ्याशी आधी बोलली असतीस तर...

आत्या : बोलू सावकाश. ती तिसरी परत येतेय. बाजूला हो, वाट दे तिला.