उतरलेला खांदा

“उन्हाळ्यात अंगाला कापड नाही, वारा बिलगायला हवा,” असं लहानपणी आमची शिवणवाली मावशी म्हणायची. परवा शिंप्याच्या दुकानात बाकावर बसले होते, तेव्हा शेजारच्या नवराबायकोचं बोलणं कानावर आलं आणि तिचा आवाज आठवला.

“असाच आणखी एक शिवायचा म्हणता? जन्मभर पांढऱ्या कडक शर्टात वावरलात. आठ दिवस कामासाठी बंदरावर काय गेलात, पोपटी सैल सदरा घालून आलात!”

“अगं, तिकडे उकाड्यात सगळे असंच घालतात. बघून मलाही वाटलं.”

“सगळ्यांचा डावा खांदा तुमच्यासारखा उतरलेला असतो का? तयार कपडा तुम्हाला कधी बसला नाही. हा बरा बसला!”

“नशीब माझं.”

“नशीब माप घेत नाही हो. कोणी घेतलं?”

“कोणीच नाही.”

“माझ्याकडे बघून सांगा.”

“खरंच घेतलं नाही. तिला पाठ होतं.”

“तिला?”

“आपल्या थोरलीला. घर सोडून गेली तेव्हा तिचं नाव काढायचं नाही म्हणालीस, म्हणून गप्प होतो. शिवणाचं दुकान आहे तिचं तिथे. तुझंही माप पाठ आहे म्हणाली. फक्त विचारत होती, आई बारीक तर झाली नाही ना?”