तारमास्तराला जेवायला कोण बोलावणार

आजच्या सभेचे अध्यक्ष रा. रा. खुशालरावजी, त्यांच्या शेजारी विराजमान झालेले अडत्यांचे पुढारी रा. रा. उत्तमरावजी, कचेरीतून वेळ काढून आलेले पाहुणे, आणि अकोल्याच्या कापूसबाजारातल्या सज्जनहो,

माझी बदली झाली म्हणून आपण मला हार घातलात, शाल पांघरलीत आणि मघाशी आग्रह करकरून वाढलंत. मी आपला फार आभारी आहे. या गावी तारमास्तर होऊन आलो, त्यानंतर आपल्यापैकी कुणासोबत पंगतीला बसलो तो आजच. खोटं वाटत असेल तर शेजाऱ्याला विचारा.

तुमचा तरी दोष काय म्हणा? अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला मुंबई रोज नवा भाव देऊ लागली. तो भाव आधी माझ्या कानावर येणार. मग माझ्याशी जो बोलेल त्याच्यावर सगळा बाजार डोळा ठेवणार. उत्तमरावजींनी एकदा भररस्त्यात मला पान दिलं, तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं की उद्या भाव चढणार. तेव्हापासून मी दिसलो की ते पगडी सारखी करत दुसऱ्या गल्लीत शिरत. हसा, तेही हसताहेत. मीही मग कुणाच्या ओट्यावर टेकणं सोडलं. घरी जावं, खिचडी टाकावी, एकट्यानं खावी. एवढ्या गजबजलेल्या गावात मला फार एकटं वाटायचं, हे आज उघड बोलायला हरकत नाही.

मग सोबत कुणाची? तारेची. रोज सकाळी तिची प्रकृती पाहावी लागते. बॅटरीचे घट जोडायचे, तो झाला दाब. मुंबईचे भाव आपल्याकडे अमरावतीवरून फिरून येतात, म्हणून अमरावतीकडची तार तपासायची. तिच्यातून किती प्रवाह जातो ते काटा दाखवतो. दाबाला प्रवाहानं भागलं की वाटेतला अडथळा निघतो. आमच्या मापानं दाब चाळीस, काटा पाचावर, म्हणजे अडथळा आठ. रोज आठ आला की समजावं, अमरावतीपर्यंत सगळं ठीक. माझी विचारपूस कुणी करत नव्हतं, निदान मी कुणाची तरी करत होतो.

गेल्या हंगामात ऐन वेचणीच्या दिवसांत भाव यायचे थांबले, आठवतं? माझ्या दारात किती गर्दी झाली होती! त्या दिवशी दाब तोच चाळीस, पण काटा विसावर. अडथळा उरला दोन. आठाचा चौथा हिस्सा, म्हणजे चौथाई वाट गेल्यावरच प्रवाह जमिनीत उतरत होता. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार केला की बॅटरी किती जोर लावते ते कळतं. रोज दोनशे, त्या दिवशी आठशे. चौपट जोर खर्ची पडत होता आणि अमरावतीला एक अक्षर पोचत नव्हतं.

सगळी वाट अठ्ठावीस कोसांची, तिची चौथाई सात कोस. लाइनवाल्या सूर्यभानाला घेऊन मी स्वतः निघालो. गाव सांगत नाही, बोरगावच्या बाजूला म्हणू. तिथे भाजीच्या मळ्याकाठी तारेवरून रहाटाची लोखंडी साखळी लोंबत होती. खालचं टोक पाणी दिलेल्या वाफ्यात रुतलेलं. शेजारी एक बाई साखळीला कान लावून बसलेली. तिला पार्बताबाई म्हणू. चिंचा पाडायच्या आकडीनं तिनंच साखळी वर चढवली होती.

तिचा नवरा रेल्वेच्या कामावर गेला होता, दिवाळी होऊन गेली तरी परतला नव्हता. वाऱ्यानं तार गुणगुणते, खांबाला कान लावला की ऐकू येते, ते तुम्हालाही ठाऊक आहे. मला वाटलं, बाईला त्यात नवऱ्याचा आवाज येत असावा. मी जपून जपून समजावलं की बाई, तो नुसता वारा आहे.

ती म्हणाली, "मले मालूम हाये भाऊ, वारा हाये. घरी बोलाले कोनी नाई, म्हून आयकतो. उभं राहून कंबर दुखते. साखळी लावली तं बसून आयकता येते."

सूर्यभानानं साखळी उतरवली. बाई पाहत राहिली. काम माझं होतं, ते मी केलं, पण तिच्यापासून काही हिरावून घेतल्यासारखं मला फार वाईट वाटलं. आम्ही निघालो तेव्हा तिनं मागून विचारलं, "जेवले काय भाऊ तुमी?"

बांधावर बसून ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी खाल्ली. कुणाच्या हातचं खाल्लं म्हणून कुणाला नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडावं. तिनं मला मुंबईचा भाव विचारला नाही. मिरची तिखट झाली का, एवढंच विचारलं.

परत आल्यावर आपण विचारलंत, हा खोडसाळपणा कुणाचा, त्याला शिक्षा करवू. मी म्हटलं, तार दुरुस्त झाली. आजही तेवढंच म्हणतो. पुढे तार इतकी नीट चालली, की त्या बाजूला जायला मला पुन्हा कारणच मिळालं नाही. नवरा परत आला की नाही, मला माहीत नाही.

असो. अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहताहेत. आपण केलेल्या सत्काराबद्दल मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला टोचलं असेल, तर पाहुणा चालला म्हणून पोटात घाला.

जाता जाता एक मागणं आहे. सोमवारी नवे मास्तर येतील, तेही एकटेच. त्यांना आल्याच दिवशी जेवायला बोलवा. सगळे मिळून बोलवा, म्हणजे कुणी कुणावर संशय घेणार नाही. ही युक्ती मला पहिल्याच महिन्यात सुचली होती. पण मला जेवायला बोलवा, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो?