जीपमधली बॅटरी

सोलरचं नाव नको काढू गा माझ्यासमोर, चहा कडू लागते. हुडकेश्वर तेव्हा खेडंच होतं. मी मास्तर होतो त्या शाळेत लाइट नव्हती, मॅट्रिकची पोरं संध्याकाळी कंदिलावर अभ्यास करायची. किती जणांच्या हातापाया पडलो, तेव्हा कुठं छतावर सोलरचं पॅनेल बसलं, खाली एक बॅटरी अन् वर्गात एक ट्यूबलाइट. उद्घाटनाले मोठे साहेब आले. त्यांनी बटण दाबलं, ट्यूब लागली, पोरं नाचली. साहेब जायला निघाले, तर जीप चालूच होईना.

ड्रायव्हर म्हणे, "बॅटरी गेली गुरुजी. तुमची लावून नेतो, उद्या आणून देतो."

हेडमास्तर माझ्या कानात म्हणाले, "साहेबाले नाही कसं म्हणाव गा? देऊन टाका."

तो उद्या काही उगवला नाही. बॅटरीसाठी मी साहेबाच्या ऑफिसात खेटे घालून थकलो. पोरं डोळे चोळत पुन्हा कंदिलाभोवती बसली, अर्धी नापास झाली.

पुढच्या वर्षी साहेब पुन्हा आले. कंदील पाहून माझ्यावरच भडकले, "सरकारनं सोलर दिलं, तरी तुम्ही अजून कंदीलच लावता?"

मी म्हटलं, "साहेब, ती बॅटरी..."

"बहाणे सांगू नका, गुरुजी!" म्हणत ते जीपमध्ये जाऊन बसले.

अन् जीप, बाप्पा, पहिल्याच झटक्यात चालू झाली.